हॅविंगशिवाय इंग्रजी

१९ एप्रिल, शुक्रवार. नमाजानंतर.

लेकाचा, मामूनचा फोन. बकरी ईदेला येतायत! ग्लासगोहून इर्बिदला, माझ्या घरी. लग्नानंतर पहिल्यांदा. आधी सूनबाई आणि माझी नोरा येणार. मामून मागून, ईदेच्या आदल्या दिवशी, त्याला तोवर रजा नाही. नोराला मी अजून फोनमध्येच बघितलंय. त्यातही नाकच दिसतं, कारण ती फोन चाटते. नाक आमच्या घरचं आहे. अबू मामूनचं, माझ्या नवऱ्याचं. अल्ला त्याला जन्नत देवो, रामथाच्या रस्त्यावर बस चालवायचा, तेव्हा आरशात आधी त्याचं नाक दिसायचं, मग मागची गाडी.

सुनेचं नाव एल्सपेथ. आमच्या जिभेला 'प' नाही. मी एल्सबेथ म्हणते, ती ओ देते. गुणी पोरगी.

पण एक खोडा आहे. मामून म्हणाला, यम्मा, तिने अम्मानला हॉटेल बघून ठेवलंय. का, तर तुझी भाषा तिला येत नाही, तिची तुला येत नाही, मी येईपर्यंत दोघी दोन खुर्च्यांसारख्या समोरासमोर बसाल. उगाच तुला ओझं. ईदेआधीच्या मंगळवारी येईल, दोन रात्री तुझ्याकडे राहील. जमलं तर सगळी सुट्टी तिथेच. नाही जमलं तर हॉटेल. खोली गुरुवारी दुपारपर्यंत रद्द करता येते.

ओझं! माझी नात मला ओझं!

ठराव: ईदेपर्यंत इंग्रजी शिकायचं. अवघड काय आहे त्यात? अरबीच, फक्त उलट्या बाजूने लिहायची.

२० एप्रिल, शनिवार.

जिन्यात उम्म निदाल भेटली. पहिल्या मजल्यावर राहते, मी दुसऱ्या. माझ्या घरी कोण आलं, काय शिजलं, हे मला कळायच्या आधी तिला कळतं. म्हणाली, काय गं उम्म मामून, सून येतेय म्हणे, बोलणार कशी तिच्याशी, हातवारे करून? मी म्हटलं, मला अर्धं इंग्रजी येतं. म्हणाली, कुठलं अर्धं? मी म्हटलं, वरचं.

गप्प बसली. ती गप्प बसली की फार बरं वाटतं.

हे खोटं नाही. ईदेपर्यंत येणारच आहे. थोडं आधी सांगितलं एवढंच.

२२ एप्रिल, सोमवार.

तळमजल्यावरच्या मिस नजाहकडे गेले. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवते, दुपारी घरी बारावीच्या मुलींना. लग्न केलं नाही. तिच्याकडे बघून वाटतं, बरं केलं. मकमूरा घेऊन गेले, म्हणजे नाही म्हणायची सोय नको. तेलाने निथळणारा, पापुद्र्यापापुद्र्यात कांदा आणि कोंबडी. असा मकमूरा नाकारायची इर्बिदमध्ये रीत नाही.

मिस म्हणाली, खाला, ए बी सी पासून सुरू करू. मी म्हटलं, बाळा, एवढा वेळ कुठाय, मुली आहेत तिथपासूनच धर. शिवाय अक्षरं मला येतात, औषधांच्या डब्यांवरून. माझी अरबीही मी पन्नाशीनंतरच शिकले, मशिदीमागच्या बायकांच्या वर्गात, आणि तिथे पहिला नंबर काढला. (वर्गात चौघी होतो. एक आजारी असायची.)

मुली होत्या बार्टिसिबलवर. मिस म्हणते बार्टिसिबल नाही, पार्टिसिपल. मला फरक ऐकू येत नाही.

तर ते असं. एकाच माणसाने दोन कामं केली की पहिल्या कामाला 'इंग' लावून पुढे ढकलायचं. मग कॉमा. मग माणूस. मग दुसरं काम. ताटात आधी लोणचं, मग भात. मला लगेच कळलं. मुलींना दोनदा सांगावं लागलं.

मी पाटीवर एक वाक्य केलं. उकळून उकळून, मी चहा ओतला. मिस म्हणाली, खाला, इथे तुम्ही उकळताय. मुली खिदळल्या. मी म्हटलं, चहा उकळतो हे कुणाला कळत नाही? मिस म्हणाली, इंग्रजीला कळत नाही. कॉमाच्या पुढे जो उभा, तोच उकळतो.

असली भोळी भाषा. सोपी जाणार.

आणखी एक. मिसने माझा कॉमा बघितला आणि चष्मा काढला. म्हणाली, हा डोक्यावर उभा आहे. मी म्हटलं, आमच्याकडे असाच असतो, तुमचाच पडलाय.

२९ एप्रिल, सोमवार.

आज मला इंग्रजीची किल्ली सापडली! इतकी खूश आहे की मसुरीची आमटी करपली.

आमच्या बोलीत जेवून बसलेल्या बाईला 'माकले' म्हणतात. कुणी विचारलं, जेवलीस? आपण म्हणायचं, माकले. विषय संपला, ताट उचला. इंग्रजीत याच शब्दाला 'इंग' लागतो. ईटिंग. म्हणजे माकले बरोबर ईटिंग. झालेल्या प्रत्येक कामाला इंग. संपलं सगळं व्याकरण!

मिसला सांगितलं. ती म्हणाली, खाला, नाही. ईटिंग म्हणजे जेवत. घास तोंडात आहे. जेवून झालं असेल तर पुढे हॅविंग लावायचं, आणि ईटिंगचंही रूप बदलतं. तिने दोन वाक्यं लिहून दाखवली. जेवत, मी रडले. जेवून, मी रडले. पहिल्यात रडणं आणि जेवण एकदम, दुसऱ्यात एकामागून एक.

मी म्हटलं, जेवताना रडायला झालंय काय? ती म्हणाली, माझ्या वर्गात बसला असतात तर कळलं असतं. मी म्हटलं, बसलेच आहे की.

विचार केला. हॅविंग हे श्रीमंतांचं काम. जे एका शब्दात होतं त्याला दोन कशाला? शिवाय हॅविंग म्हणताना माझी कवळी हलते.

ठराव: हॅविंग वगळायचं. वेळ वाचेल.

३ मे, शुक्रवार.

एल्सपेथशी पहिल्यांदा स्वतः बोलले! मामूनने फोन तिच्या हातात दिला आणि गेला बाहेर. तिने तोंडाशी हात नेऊन विचारलं, जेवलात? मी ताठ बसून म्हटलं, आय ईटिंग.

ती म्हणाली, ओ, सॉरी सॉरी. नोराचा हात धरून हलवला आणि फोन ठेवला.

केवढी मुलाहिजा ठेवणारी! सासू जेवलेली आहे म्हटल्यावर तिला आराम करू द्यावा, हे इथल्या मुलींना सांगून कळत नाही.

१० मे, शुक्रवार.

आज परत जेवलात का विचारलं. आय ईटिंग. सॉरी सॉरी. फोन बंद. नोरा आज नाक नाही, कान दाखवत होती. आणखी थोडं बघायचं होतं.

१४ मे, मंगळवार.

उम्म निदाल आली, साखर मागायच्या निमित्ताने. तिच्याकडे साखर असते. मागे कुतैबा, तिचा भाचा. विद्यापीठ संपवून बसलाय, अम्मानच्या एका सहलवाल्या कंपनीत अर्ज करतोय, इंग्रजीत. उम्म निदाल म्हणाली, तू तर आता मिस नजाहलाही शिकवतेस म्हणे, जरा नजर टाक.

हे मी म्हटलं नव्हतं. फक्त म्हटलं होतं की मिस मला अवघड प्रश्न विचारते.

नाही कशी म्हणणार? उम्म निदालची नजर माझ्या हातांवर. चष्मा लावला. पहिल्याच ओळीत हॅविंग! काढून टाकलं, पुढच्या शब्दाला इंग लावला. कागद लगेच मोकळा दिसायला लागला. मग कॉमे घातले, कअक पावावर तीळ पेरतात तसे, सढळ हाताने. कुतैबा म्हणाला, हाज्जा, हे उलटे आहेत. मी म्हटलं, बेटा, अम्मानला जाताना बस वळेल तसे सुलटे होतील. हसला. चांगला मुलगा आहे, केस तेवढे कापायला हवेत.

२४ मे, शुक्रवार.

मामूनच बोलला आज. आवाज कसातरी. म्हणाला, यम्मा, शुगर तपासलीस का? मी म्हटलं, का रे? म्हणाला, एल्सपेथ म्हणते, जेव्हा फोन करावा तेव्हा तू जेवत असतेस. आणि मागच्या वेळी म्हणे तिला म्हणालीस, मी झोपतेय, डोळे उघडे ठेवून.

झोप काढून उठले होते, तेच सांगितलं होतं. स्लीबिंग.

मी म्हटलं, तुझ्या बायकोला इंग्रजी नीट येत नाही. म्हणाला, ती शाळेत इंग्रजीच शिकवते, यम्मा.

हो का. पण कुठल्या वर्गाला? लहान मुलांना असेल.

२८ मे, मंगळवार.

अनर्थ.

कुतैबाला कंपनीने कळवलं, विद्यापीठ संपवून मग या. अर्जात म्हणे लिहिलंय, विद्यापीठ संपवत, मी हॉटेलात काम केलं. म्हणजे अजून शिकतोच आहे. पोराने सांगितलं, पदवी घेतलीय. ते म्हणाले, मग असं का लिहिलंत? तो माझं नाव सांगून बसला.

उम्म निदाल दारावर. म्हणाली, उम्म मामून, दार उघड. मी श्वास धरून उभी. म्हणाली, तू आत आहेस, तुझ्या कांद्याचा वास येतोय. मी गॅस बंद केला. म्हणाली, आत्ता बंद केलास! अर्धं इंग्रजी येतं म्हणे, वरचं! माझ्या भाच्याची नोकरी खाल्लीस ती कुठल्या अर्ध्याने?

चूक माझी नाही. कंपनीची घाई.

१ जून, शनिवार.

उम्म निदालने जिन्यात, स्वतःच्या दारापुढे स्टूल टाकलंय. तिथे बसून भेंडी चिरते. भेंडी संपली की द्राक्षाची पानं. पानं संपली की तशीच बसते. तळमजल्यावर जायचं तर तिच्यावरून जावं लागतं. मिसकडे जाणं बंद.

आणि पुढचे धडे हॅविंगचेच होते, असं मिसने बाल्कनीतून ओरडून सांगितलं. मी ओरडून सांगितलं, ते मला येतं. सगळी गल्ली ऐकत होती, दुसरं काय सांगणार?

किराणा दोरीला टोपली बांधून खाली सोडते. दुकानदार अबू सुलतान विचारतो, हाज्जा, गुडघा दुखतोय? मी म्हणते, हो. आता खरंच दुखतोय. उभ्या उभ्या दाराच्या भोकातून बघून.

६ जून, गुरुवार.

टोपलीत अबू सुलतानने त्याच्या जावयाचा कागद पाठवला. वीजबिलाचा काहीतरी इंग्रजी अर्ज. कागद परत पाठवला असता तर पीठ मिळालं नसतं. कागद घेतला, पीठ घेतलं. कागदाला हात लावला नाही. उत्तर पाठवलं, चष्मा दुरुस्तीला दिलाय. आता चष्मा लावून बाल्कनीत जाता येत नाही.

घरात फक्त भिंती, मी आणि नोरासाठी घातलेली छोटी गादी. गादीवर झोपून बघितलं. मऊ आहे. उठताना वेळ लागला.

ठराव: सुनेसाठी वाक्य पाठ करायचं. घर साफ करून, गाद्या घालून, मी तुझी वाट बघतेय. माझ्या इंग्रजीत: क्लीनिंग हाऊस, मेकिंग बेड, आय वेटिंग. दोन कॉमे! बोलताना कॉमाला श्वास घ्यायचा, तेही लक्षात ठेवलंय.

११ जून, मंगळवार.

आल्या! आल्या! आल्या!

नोरा किती जड आहे! फोनमध्ये वजन कळत नाही. घेतल्याबरोबर माझ्या हिजाबची पिन तोंडात घालायला गेली. काढून घेतली तर मला रागावली, आमच्या घराण्याच्या पद्धतीने, नाकाने.

जिन्यात उम्म निदाल स्टुलावर. पाहुणी बघून उभी राहिली आणि दात दाखवले. परक्यांसमोर भांडण नाही, एवढी तरी अक्कल आहे.

दारात वाक्य म्हटलं. श्वास घेऊन, दोन्ही कॉमांसकट. एल्सपेथने घराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, बॅग ठेवली, बाह्या वर केल्या आणि बादली शोधायला लागली. मी नको नको म्हणतेय आणि ती पुसलेली फरशी परत पुसतेय. मग पलंगाच्या चादरी काढल्या आणि परत घातल्या. प्रवासातून आलेली पोर! कामसू किती! मामूनने नशीब काढलं.

१२ जून, बुधवार. संध्याकाळी.

आजच्यासारखा दिवस परत होणे नाही. नोरा दुपारभर माझ्या मांडीवर झोपली. पाय बधिर झाला, हलवला नाही. एल्सपेथ माझ्याकडून पानांत भात गुंडाळायला शिकली. तिची पानं जाड होतात, सिगारसारखी. मी म्हटलं गुड, ती हसली. तिने मला फोटो दाखवले, मी तिला अबू मामूनची बस दाखवली. बोललो नाही फारसं. गरज कुठे होती?

मग चहाला बसलो. मिरमिऱ्याची वासाची पानं घातलेला. तिने कप ठेवला, माझा हात हातात घेतला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं. बोटाने खोली दाखवली, हिअर. लांब खिडकीबाहेर दाखवलं, हॉटेल. मग माझ्याकडे. यू वॉन्ट अस हिअर?

सगळं कळलं मला! एकूण एक! गहिवरून आलं. एवढ्या मोठ्या प्रश्नाला एवढंच मोठं उत्तर हवं. आमच्या बोलीत ज्या बाईचा निर्णय पक्का झालाय तिलाही माकलेसारखाच एक शब्द आहे. तो मनात धरला, इंग लावला. विचार करून, निर्णय घेऊन, मी आनंदात आहे. म्हटलं, थिंकिंग, डिसायडिंग (इथे मोठा श्वास) आय हॅबी.

तिचे डोळे भरले. माझा हात दाबला. म्हणाली, टेक युअर टाइम. टाइम मला कळलं. भिंतीवरचं घड्याळ दाखवलं.

मिसला कळवायला हवं. कॉमा जागेवर पडला, आणि उकळणारी माझी मीच होते.

१३ जून, गुरुवार.

सकाळी एल्सपेथने टॅक्सी बोलावली. म्हणाली, हॉटेल. कळलं, खोली रद्द करायला निघाली. स्वतः जाऊन सांगणार, फोनवर नाही. शिस्तीचे लोक. नोराला नेलं, हवा बदलायला. बॅग नेली, त्यात बाळाचे कपडे असतात. दारात मला मिठी मारली, बराच वेळ.

दुपारी मकमूरा लावला. तिला आवडतो.

संध्याकाळ. आली नाही. ईदेची गर्दी. अम्मानच्या वाटेवर जराश गावापुढे रस्ता तुंबतो.

१४ जून, शुक्रवार.

एल्सपेथचा फोन आला. नोराने नाक दाखवलं. एल्सपेथ म्हणाली, हॉटेल गुड. यू थिंक, नो हरी. म्हणजे हॉटेलवाले चांगले आहेत, खोली सोडायला देतील. त्यांनाही वेळ लागत असेल, ईदेचे दिवस आहेत.

मकमूरा शिळा झाला. मी खाल्ला.

१६ जून, रविवार. ईद.

मामून काल विमानतळावरून थेट हॉटेलात. आज सगळे जेवायला आले. मिस नजाहला बोलावलं होतं. उम्म निदालला बोलावलं नव्हतं, तरी आली. ईदेला दार लावता येत नाही. कुतैबालाही घेऊन आली, केस कापलेले.

जेवण झाल्यावर मामूनने सगळ्यांसमोर विचारलं, यम्मा, एल्सपेथ बुधवारपासून वाट बघतेय. तू म्हणालीस अजून विचार करतेय, निर्णय घेतेय. तिला वाटलं, तुला अवघड होतंय आणि तोंडावर नाही म्हणता येत नाही. म्हणून ती आपणहून निघाली, तुला मोकळेपणाने ठरवता यावं म्हणून. आता सांग, तू नेमकं काय म्हणाली होतीस?

एल्सपेथ माझ्याकडे बघतेय. नोरा माझ्या मांडीवर, माझी माळ चावतेय. मिस नजाह चहात बघतेय, तिला बहुतेक कळलं. आणि उम्म निदाल अशी पुढे सरकली की खुर्ची करकरली. म्हणाली, हो, सांग ना गं. तुझं इंग्रजी ऐकून सून घर सोडून गेली की काय?

तोंड उघडलं. खरं सांगायचं म्हणजे म्हणायचं की मला येत नाही. तिच्यासमोर. तिच्या भाच्यासमोर.

म्हटलं, जे म्हटलं तेच म्हणायचं होतं. बाईमाणसाला विचार करायला वेळ लागतो. आणि मी ठरवलंय, हॉटेलच बरं. तिथे बाळाला गार हवा आहे. माझ्याकडे फक्त पंखा.

मामून म्हणाला, नक्की, यम्मा? मी म्हटलं, नक्की. त्याने एल्सपेथला सांगितलं. तिने मान हलवली. हसली, पण आधीसारखं नाही.

उम्म निदाल मागे टेकली. तिच्या चेहऱ्यावर काही दिसेना. तेवढं तरी जिंकले.

जाताना नोराने माळ सोडली नाही. दोरा तुटला. मणी जिन्यात गेले.

२२ जून, शनिवार.

काल त्यांचं विमान गेलं. छोटी गादी गुंडाळली. परत उलगडली, आत तिचा एक मोजा राहिला होता. परत गुंडाळली.

मिस नजाह वर आली, मकमूऱ्याचं भांडं परत द्यायला. बसली. ईदेचं काही काढलं नाही, म्हणून मीच विचारलं. म्हटलं, बाळा, ज्याचा निर्णय पक्का झालाय त्याला तुमच्या इंग्रजीत काय म्हणायचं? तिने लिहून दिलं. हॅविंग डिसायडेड, मग कॉमा. मी खाली तीनदा गिरवलं. कॉमा तीनही वेळा सरळ आला.

मग तिने विचारलं, खाला, एल्सपेथने तुम्हाला नेमकं काय विचारलं होतं? मी सांगितलं, आम्ही इथे राहिलेलं तुम्हाला हवंय का.

मिसने वही मिटली. मग म्हणाली, खाला, त्याला नुसतं 'यस' म्हटलं तरी चाललं असतं.

यस मला येतं.